प्रकृती म्हणजे राशिभविष्य नव्हे : ‘एक सजग वाचक’ यांना उत्तर

‘वातप्रकृतीची माणसं आणि पावसाळा’ या माझ्या लेखावर ‘एक सजग वाचक’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. (वात, पित्त, कफ या तीन दोषांपैकी ज्याचा जोर माणसात जन्मापासून जास्त, ती आयुर्वेदात त्याची प्रकृती.) ती आधी जशीच्या तशी देते. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“अहो काकू, प्रकृती गर्भातच ठरते आणि जन्मभर बदलत नाही असं तुम्हीच लिहिता, मग संतुलन कसलं करता? वीस प्रश्नांची उत्तरं द्या आणि ‘तुम्ही वात, तुम्ही पित्त’, हे म्हणजे निव्वळ राशिभविष्य आहे. माझ्या वडिलांनी तुमचा लेख वाचून रोज चार चमचे तूप सुरू केलं. त्यांचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं आहे. आणि अभ्यंगाचा तो श्लोक चरकाचा नाही. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा.”

अभ्यंगाच्या, म्हणजे अंगाला तेल लावण्याच्या, श्लोकाचं तुमचं बरोबर आहे. ‘अभ्यङ्गमाचरेन्नित्यं स जराश्रमवातहा’ हा वाग्भटाचा, त्याच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थानातल्या, म्हणजे पहिल्या भागातल्या, दुसऱ्या, दिनचर्येच्या अध्यायातला. मी तो चरकाच्या नावावर टाकला. चूक माझीच, आज सकाळी दुरुस्त केली, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. चूक दाखवली तर मान्य करायला मी कधी मागेपुढे पाहिलेलं नाही, नेहमीच्या वाचकांना हे माहीत आहे.

आता ‘अहो काकू’. काकू या शब्दाशी माझं भांडण नाही. आमच्या इमारतीतली निम्मी मुलं मला काकूच म्हणतात आणि घसा बसला की हक्कानं येऊन काढा मागतात. पण त्यांच्या हाकेत आणि तुमच्या हाकेत काय फरक आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे. बाई आहे, वय झालेलं आहे, स्वयंपाकघरातून लिहिते आहे, तिला काय कळतंय, हे सगळं तुम्ही दोन शब्दांत सांगून टाकलंत. हाच लेख एखाद्या डॉक्टरसाहेबांनी लिहिला असता तर ‘अहो काका’ अशी सुरुवात केली असतीत? आणि वर ‘थोडा अभ्यास करत जा’. मी वैद्य नाही, हे माझ्या ओळखीच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे. पण एकोणीस वर्षं मी हा विषय वाचते आहे. त्यातली दोन वर्षं दर शनिवारी ठाण्याहून दादरला जाऊन एका निवृत्त वैद्यांसमोर बसून सूत्रस्थान शिकले आहे, लोकलच्या गर्दीत, नोकरी सांभाळून. तुम्ही काय वाचलंत ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. मतभेद असावेत, पण ते मांडायची काही रीत असते.

खरं लागलं ते ‘राशिभविष्य’. त्या एका शब्दानं माझी रात्र गेली, म्हणून त्यावरच सविस्तर लिहिते.

रास कशी ठरते? जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता त्यावरून. त्या माणसाचं तोंडही बघावं लागत नाही, वेळ आणि गाव कळलं की झालं. प्रकृती ठरवायला माणूस समोर बसलेला लागतो. चरकसंहितेत विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात वाताचा एकेक गुण घेतला आहे आणि तो अंगावर कुठे दिसतो ते सांगितलं आहे. वात रूक्ष, म्हणून शरीर कोरडं, किरकोळ, आवाज बसका आणि झोप कमी. वात शीत, म्हणून गारवा सोसत नाही, अंग आखडतं. वात चल, म्हणून हात, पाय, भुवया, जीभ यांना स्वस्थता नाही. बोलणं फार, घाबरणं पटकन, ऐकलेलं चटकन कळणार आणि तितक्याच चटकन विसरणार. आणि वात विशद, म्हणजे चिकटपणा नसलेला, म्हणून अंगाला भेगा पडणार आणि चालताना सांधे वाजणार. यात ग्रह कुठे आले? हे सगळं डोळ्यांनी बघायचं, हातानं चाचपायचं आणि विचारून घ्यायचं आहे. तुमचं तुम्हाला आरशात तपासता येईल.

भेगांचं ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. का, ते सांगते.

२००६ साली मी एका कार्यालयात हिशेबाच्या कामाला होते. आम्ही पाच जणींनी मिळून एका आहारसल्ला केंद्रात पैसे भरले. पाचही जणींना एकच छापील तक्ता मिळाला. तेल-तूप जवळजवळ बंद, दुपारच्या डब्यात कच्ची कोबी, गाजर, मोड आलेली मटकी, चार वाजता कुरमुरे, रात्री पुन्हा गार सॅलड. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण अंगानं भरलेली, शांत, एखाद्या वेळी जेवली नाही तरी कुरकूर न करणारी, केस दाट, त्वचा मऊ. ती त्या तक्त्यावर हलकी झाली, तिची दुपारची पेंग गेली, ती आजही त्या केंद्राचं नाव काढते. मी त्याच तक्त्यावर तीन महिन्यांत मोडले. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. रात्री तीनला टक्क जाग, मग छातीत धडधड आणि उद्याच्या ताळेबंदाची काळजी. टाचांना अशा भेगा पडल्या की कूस बदलताना चादरीचा धागा त्यांत अडकायचा. अंधारात उठून बसून तो धागा हळूहळू सोडवायचा, कारण ओढला की रक्त यायचं. केंद्रात सांगितलं तर उत्तर आलं, पाणी जास्त प्या, बाकीच्या चौघींना तर काही झालं नाही.

बाकीच्या चौघींना काही झालं नाही, हाच तर मुद्दा आहे! तक्ता तोच, वजनकाटा तोच, बायका वेगळ्या.

त्या दादरच्या वैद्यांकडे मी तेव्हा पहिल्यांदा गेले. चाळीस मिनिटं ते विचारत होते. भूक ठरल्या वेळी लागते की कधी लागते, कधी नाहीच? पंखा सहन होतो का? स्वप्नं पडतात का, कशी? नाडी पाहिली, नखं पाहिली, टाचा पाहिल्या. औषध एकही दिलं नाही. कच्चं बंद करा. रात्री साडेसातच्या आत ऊन ऊन मुगाची खिचडी किंवा मऊ भात, त्यावर चमचाभर तूप. सकाळी आंघोळीआधी तिळाचं तेल कोमट करून अंगाला, त्यातही डोकं, कान आणि तळपाय चुकवायचे नाहीत. जेवणाच्या वेळा हलवायच्या नाहीत, रविवारीसुद्धा नाही. तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा पहाटे पाचपर्यंत सलग झोपले. टाचांना अख्खा हिवाळा लागला, पण त्या भरल्या. हे मी माझ्या अंगावर पाहिलेलं आहे, आणि याला तुम्ही राशिभविष्य म्हणता.

संतुलनाबद्दल तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तरही यातच आहे. प्रकृती बदलते असं मी कुठेच लिहिलेलं नाही. शोधून दाखवा. माझी प्रकृती तेव्हा वाताची होती, आजही आहे, आजही मी भराभर बोलते आणि डिसेंबरात मोजे घालून झोपते. बिघडला होता तो वाढलेला वात, आणि तो खाली आणता येतो. चरकानं सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलं आहे की काही माणसं गर्भापासूनच समधातू, म्हणजे तिन्ही दोष सारखे असलेली, असतात, आणि वातल, पित्तल, श्लेष्मल (वात, पित्त किंवा कफ जास्त असलेली) माणसं ‘सदातुर’, म्हणजे सतत दुखण्याच्या उंबऱ्यावर. त्याच्याच पुढे ‘विपरीतगुणस्तेषां स्वस्थवृत्तेर्विधिर्हितः’, त्यांनी रोजच्या वागण्यात उलट गुणांचा आधार घ्यावा. कोरड्याला स्निग्ध, गारठ्याला ऊन, चंचलाला नेम. मुरमाड रानाची काळी जमीन होत नाही हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. तो पाण्याच्या पाळ्या जवळ आणतो, शेणखत जास्त टाकतो आणि त्याच रानातून पीक काढतो. त्याला तुम्ही विचाराल का, की जमीन बदलत नाही तर खत कसलं घालतोस?

आपल्या घरातल्या बायकांनी हे पिढ्यान् पिढ्या केलेलं आहे, चरकाचं नावही न घेता. भोगीला बाजरीची भाकरी करतात तेव्हा ती थापताना वर तीळ लावतात आणि ताटात लोण्याचा गोळा असतो. बाजरी अंगात ऊब आणते, पण ती रूक्ष. थंडीही कोरडी. नुसती बाजरी खाल्ली तर वात वाढायचाच. म्हणून तीळ, म्हणून लोणी, आणि सोबत वांगं, गाजर, घेवडा, हरभरे घातलेली लेकुरवाळी भाजी, तीही शिजवलेली, ऊन. माझी आई भाकरी तव्यावरून उतरवली की लगेच मधोमध बोटानं खळगा करायची आणि त्यात लोणी ठेवायची, ते वितळून कडेपर्यंत जाईस्तोवर कुणाला हात लावू द्यायची नाही. मला ती मुद्दाम दोनदा लोणी घालायची आणि माझ्या गुटगुटीत भावाला एकदाच. तो चिडायचा. आता कळतं ती काय करत होती.

वीस प्रश्नांबद्दल थोडक्यात. प्रश्नावली ही सुरुवात आहे, निदान नाही, हे मी लेखात म्हटलं आहे. पण प्रकृतीला कसलाच आधार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं २०१५ सालचं काम बघावं. ३,४१६ निरोगी पुरुष तपासले, त्यातून २६२ निवडले. वैद्यांचा निष्कर्ष आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं तयार केलेल्या आयुसॉफ्ट या सॉफ्टवेअरचा निष्कर्ष ज्यांच्या बाबतीत जुळला, अशीच माणसं घेतली. त्यांच्या जनुकांमध्ये प्रकृतीनुसार फरक सापडले, आणि पीजीएम १ हे जनुक पित्तप्रकृतीशी जोडलेलं दिसलं. अभ्यास एवढ्यावर संपला असं मी म्हणत नाही. पण राशीसाठी हे कुणी करून दाखवलं आहे का?

तुमच्या वडिलांविषयी. लेखात ‘ऊन भातावर चमचाभर’ असं लिहिलं आहे, चार चमचे कुठून आले मला माहीत नाही. कोलेस्टेरॉल असेल, गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात काही बदलू नये, ही ओळ लेखाच्या शेवटी आहे. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसली असती. ती ठळक अक्षरांत नाही हे खरं, ती करते. त्यांचं तूप आत्ता थांबवा आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. याहून जास्त मी काय करू? प्रत्येकाच्या घरातल्या चमच्यावर माझी नजर असू शकत नाही. आणि वडिलांची इतकी काळजी असेल तर ताटात तूप वाढताना घरातल्या कुणी बघितलं कसं नाही, हाही प्रश्न मला पडला. विचारायला नको होता कदाचित, पण तुम्हीही मला बरंच काही विचारलंत.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. दुरुस्त केलेला श्लोक लेखात आहे. यावर आणखी लिहायचं असेल तर जरूर लिहा, मात्र स्वतःच्या नावानं, आणि विमानस्थानाचा आठवा अध्याय निदान एकदा वाचून.