सत्तरीनंतर लिव्हरच्या कॅन्सरवर उपचार नसतात का? एका संदेशाचा प्रतिवाद

कुटुंबांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक संदेश वारंवार फिरताना दिसतो. त्याचे सार असे की सत्तरीनंतर लिव्हरचा कॅन्सर झाला तर कोणताही उपचार उपयोगी पडत नाही, बायोप्सीची सुई लागली की गाठ अंगभर पसरते, हा आजार दारू पिणाऱ्यांनाच होतो आणि केमोने माणूस उलट लवकर जातो; म्हणून वयस्कर माणसाला दवाखान्याच्या फेऱ्यांत न अडकवता गुळवेलीचा काढा आणि रसाहार देऊन घरीच ठेवावे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी मानत नाही. खर्चाची आणि आईवडिलांच्या हालांची भीती खरी आहे. परंतु त्यावर विसंबून निर्णय घेतले गेले, तर ज्यांचा आजार आटोक्यात येण्याजोगा होता अशांचाही मोलाचा काळ हातचा जातो.

मूळ दावा वयाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. यकृतात सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या उपचारांची दिशा ठरवण्यासाठी जगभर जी बार्सिलोना वर्गवारी वापरतात, तिच्या टप्प्यांच्या निकषांत रुग्णाचे वय नाही. तिथे पाहिल्या जातात तीन गोष्टी: गाठींची संख्या, आकार आणि फैलाव, यकृत किती काम करते आहे, आणि रुग्ण स्वतःची कामे स्वतः किती करू शकतो. यकृताचे काम मोजण्यासाठी रक्तातील बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटात साठलेले पाणी आणि मेंदूवर आलेली गुंगी अशा पाच गोष्टींना गुण देतात. त्यामुळे घरातल्या घरात हिंडणारे, भाजी आणायला जाणारे, यकृताचे काम टिकून असलेले 78 वर्षांचे आजोबा हे पोटात पाणी भरलेल्या आणि दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात असलेल्या 55 वर्षांच्या रुग्णापेक्षा उपचारांसाठी कितीतरी अधिक योग्य ठरू शकतात. जपानमध्ये या आजाराचे निदान मोठ्या प्रमाणात सत्तरीच्या आसपास आणि पुढेच होते, आणि तिथे या वयाच्या रुग्णांवर सर्रास उपचार केले जातात.

लहान गाठ असेल तर सुईवाटे उष्णता देऊन ती जाळून टाकता येते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी हा मान्यताप्राप्त उपचार आहे आणि त्यासाठी पोट उघडावे लागत नाही, म्हणूनच वयस्करांमध्ये त्याला अनेकदा पसंती मिळते. गाठी अनेक असतील पण यकृतापुरत्याच असतील, तर जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन औषध थेट गाठीपर्यंत पोहोचवतात आणि तिचा रक्तपुरवठा बंद करतात. हे शक्य होते कारण अशा गाठीला रक्त मुख्यत्वे यकृताच्या धमनीतून मिळते, तर निरोगी यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येतो. धमनीची फांदी बंद केल्यावर गाठ उपाशी पडते आणि उरलेले यकृत बहुतांशी तग धरते. निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया किंवा अचूक किरणोपचारही होतात.

वयाचा विचार करायचाच नाही, असे माझे म्हणणे नाही. यकृत प्रत्यारोपणासाठी बहुतेक केंद्रे साधारण पासष्टी ते सत्तरीच्या पुढे फार सावध असतात, आणि ते योग्यही आहे. इतर उपचारांपूर्वीसुद्धा वयस्कर रुग्णाची चालण्याची गती, गेल्या काही महिन्यांत घटलेले वजन, स्मरणशक्ती, हृदयाची व मूत्रपिंडाची स्थिती, रोजच्या गोळ्यांची यादी आणि घरी सांभाळणारे कोण आहे, हे सारे तपासले पाहिजे. थकवा आणि अशक्तपणा वयाबरोबर वाढतात, पण सर्वांत सारखे वाढत नाहीत. मोजायचे ते त्यांना, जन्मसालाला नव्हे.

बायोप्सीबद्दलचा दावा एका खऱ्या पण लहान धोक्याला फुगवून सांगतो. यकृताच्या गाठीत सुई घातल्यावर सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचे प्रमाण प्रकाशित अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत सुमारे 2 ते 3 टक्के आढळले आहे. ते शून्य नाही, म्हणून विनाकारण सुई घालू नये हे खरे. पण ‘अंगभर पसरते’ हे खरे नाही. शिवाय यकृताला आधीच सिरॉसिस असेल, म्हणजे जुन्या इजेने ते कडक होऊन व्रणांनी भरले असेल, तर अनेक रुग्णांत बायोप्सीची गरजच पडत नाही. रंगद्रव्य देऊन केलेल्या टप्प्याटप्प्याच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठ आधी उजळते आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडते, आणि एवढ्यावरून निदान पक्के मानले जाते. जिथे चित्र स्पष्ट नसते, तिथे मात्र सुई टाळणे महागात पडू शकते. मोठ्या आतड्याचा, जठराचा, स्वादुपिंडाचा किंवा स्तनाचा कर्करोगही यकृतात पसरतो आणि त्या प्रत्येकाची औषधे वेगळी असतात.

दारूबद्दल थोडक्यात. दारू हे एक मोठे कारण आहे, एकमेव नाही. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, मधुमेह व स्थूलतेबरोबर येणारे फॅटी लिव्हर, आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष, हीही प्रस्थापित कारणे आहेत. आज सत्तरीत असलेली पिढी बी विषाणूची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात येण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि सी विषाणूचा तर शोधच 1989 साली लागला. त्यापूर्वी चढवलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी होणे शक्यच नव्हते. आयुष्यात थेंबही न घेतलेल्या आजींना हा आजार झाला की नातेवाईक कुजबुजतात आणि ती माऊली निष्कारण मान खाली घालते. हा अन्याय थांबला पाहिजे.

केमोचा दावा जुन्या माहितीवर उभा आहे. नेहमीची केमोथेरपी या कर्करोगावर फारशी चालत नाही हे डॉक्टरही सांगतात, आणि म्हणूनच आज पसरलेल्या आजारात ती सहसा पहिली निवड नसते. तिच्या जागी वेगळ्या प्रकारची औषधे आली. 2007 साली गाठीच्या वाढीचे संकेत रोखणाऱ्या सोराफेनिब या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिने आयुष्य सरासरी जेमतेम तीन महिन्यांनी वाढले. 2020 पासून अटेझोलिझुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती गाठीविरुद्ध उभी करणारे औषध) आणि बेव्हासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारे औषध) ही जोडी आली. तिच्या मुख्य चाचणीत निम्मे रुग्ण 19 महिन्यांहून अधिक जगले, तर सोराफेनिब घेणाऱ्यांत हाच आकडा सुमारे 13 महिन्यांचा होता. या चाचण्यांत पासष्टीच्या पुढचे रुग्ण मोठ्या संख्येने होते, मात्र यकृताचे काम बऱ्यापैकी टिकलेलेच रुग्ण त्यांत घेतले होते, हे विसरू नये. ही जोडी देण्यापूर्वी अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा दुर्बिणीने तपासाव्या लागतात, कारण रक्तस्रावाचा धोका असतो. औषधे महाग आहेत आणि ती परवडत नसतील तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. लेनव्हॅटिनिबसारख्या गोळ्यांचाही पर्याय असतो.

काढा आणि रसाहाराचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो निरुपद्रवी भासतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या नोंदीवर आक्षेप घेतला. त्यानंतर देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असा याचा अर्थ नाही. पण ज्याचे यकृत आधीच सिरॉसिसने कमकुवत आहे, त्याला एवढी इजाही झेपत नाही, आणि काढ्याने ही गाठ विरघळते याचा पुरावा नाही.

रसाहाराचे नुकसान अधिक संथ असते. आपल्याकडे कावीळ म्हटली की उसाचा रस आणि बिनतेलाची पेज ठरलेली. प्रत्यक्षात सिरॉसिसच्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात आणि त्याला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी बंद करून नुसत्या रसावर ठेवलेला वृद्ध महिन्याभरात इतका खंगतो की जो उपचार आधी झेपला असता तोही झेपेनासा होतो, आणि मग घरचे म्हणतात की या वयात काही उपयोग नव्हताच. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही महत्त्वाचे असते, कारण रात्रभराचा उपवास या यकृताला सोसत नाही.

संदेशात एक गोष्ट खरी आहे. यकृत निकामी झाले असेल आणि रुग्ण अंथरुणाला खिळला असेल, तर गाठीवरचे उपचार थांबवणेच योग्य असते. पण थांबवायचे ते गाठीवरचे उपचार. वेदना, पोटातले पाणी, खाज, गुंगी यांवरचे उपचार अखेरपर्यंत चालू राहिले पाहिजेत. पाणी काढल्याने श्वास मोकळा होतो, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अगदी कमी मात्रेत मॉर्फीनही देता येते. त्यासाठी उपशामक सेवा असते. वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 पासून कर्करोगाच्या अशाच रुग्णांची सेवा करते आहे. आणि हा निर्णय रुग्णाला विचारून घ्यावा. आपल्या घरांत निदान लपवून मुलेच सारे ठरवतात. परंतु किती उपचार घ्यायचे आणि कुठे थांबायचे हे सांगण्याचा पहिला हक्क त्या माणसाचा आहे.

तपासण्याच नकोत असे म्हणताना आणखी एक गोष्ट हातून निसटते. आजोबांच्या रक्तात बी विषाणू सापडला, तर त्यांच्या जोडीदाराची, भावंडांची आणि मुलांची रक्त तपासणी व्हायला हवी. ज्यांना लागण नाही त्यांना लस देता येते, ज्यांना आहे त्यांच्यापैकी अनेकांना गोळ्यांनी विषाणू दाबून ठेवता येतो आणि सिरॉसिस असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून गाठ लहान असतानाच पकडता येते. सी विषाणू असेल, तर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण त्यातून मुक्त होतात. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्ही विषाणूंच्या तपासण्या आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.