जजने किती पुढे जावं? कट्ट्यावर फ्रँक जॉन्सनवरून झालेला वाद

काल कट्ट्यावर फ्रँक जॉन्सनवरून चांगलंच वाजलं. अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरीला १९५५ ते १९७९ फेडरल ट्रायल जज होता तो, म्हणजे केंद्राच्या कोर्टात साक्षीपुरावे ऐकून पहिला निकाल देणारा. आमचा वकील मित्र त्याला फार मानतो, आणि बापूंचं ठाम मत की जजने निकाल द्यावा, राज्य चालवायला जाऊ नये.

वकील म्हणाला, बापू, आधी माणूस तर बघा. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने नेमलं, खुर्चीत बसला तेव्हा वय ३७, आणि लगेच डिसेंबरात रोझा पार्क्स या काळ्या बाईंना बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडली नाही म्हणून अटक झाली आणि जून १९५६ मध्ये तीन जजांच्या बेंचने २ विरुद्ध १ असा निकाल दिला की बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवणं घटनाबाह्य, त्या दोघांत हा होता. वर्णद्वेष्ट्यांनी धमकी म्हणून घरासमोर क्रॉस जाळला, १९६७ मध्ये आईच्या घरावर बॉम्ब टाकला. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हा त्याचा लॉ कॉलेजचा सोबती, तोही जाहीर शिव्या द्यायचा. तरी हा माँटगोमेरी सोडून गेला नाही.

"धाडसी होता, मान्य," बापू म्हणाले, "पण धाडस आहे म्हणून अधिकार मिळतो का?"

मध्येच कॉलेजातला पोरगा बोलला, काका, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा सेल्मा गावचा मोर्चा ९ मार्च १९६५ ला यानेच थांबवला होता की. खरंय ते. ७ तारखेला पुलावर पोलिसांनी मोर्चातल्या लोकांना बेदम मारलं आणि दोन दिवसांनी कोर्ट त्याच लोकांना सांगतं की सुनावणीपर्यंत थांबा, हे मला आजही खुपतं. वकिलाचं म्हणणं, पुरावा ऐकल्याशिवाय ट्रायल जज बोलणार कशाच्या जोरावर? त्याने साक्षी ऐकल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात बघितली आणि १७ मार्चला परवानगी दिली, सेल्मा ते माँटगोमेरी ५४ मैल, हायवेवरून, फक्त जिथे रस्ता दोन लेनचा तिथे ३०० माणसांची मर्यादा. आणि कारण काय दिलं, तर अन्याय जेवढा मोठा तेवढा रस्त्यावर उतरायचा हक्कही मोठा. कुठल्या जिल्ह्याच्या जजने असं लिहिलंय हो?

बापू म्हणाले मोर्चाचं सोड, ब्राइस हॉस्पिटलचं बोल.

मग मी बोललो, कारण मला जॉन्सनचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं. अलाबामातल्याच टस्कलूसा गावचं सरकारी मनोरुग्णालय, पाच हजारांच्या आसपास पेशंट, बरेचसे मर्जीविरुद्ध आणून ठेवलेले आणि उपचार जवळपास नाहीच. जॉन्सन म्हणाला, उपचारासाठी म्हणून माणसाला कोंडलंय तर उपचार हा त्याचा घटनात्मक हक्क आहे, नाहीतर तो नुसता कैदी झाला. नुसतं एवढं म्हणून सोडलं असतं तर सरकारने फाइल बाजूला ठेवली असती. राज्याला आधी मुदत दिली, तेवढ्यात काही धड झालं नाही, मग १९७२ ला यानेच लिहून दिलं की आठ पेशंटमागे एक संडास, पंधरामागे एक शॉवर किंवा टब, एका खोलीत सहापेक्षा जास्त नकोत, किती पेशंटमागे किती डॉक्टर किती नर्स. बापूंना हे जजचं काम वाटत नाही, मला वाटतं की संडास मोजून लिहिले नाहीत तर त्या हक्काचा पेशंटला उपयोग शून्य.

"आणि त्याला आवरणार कोण? उद्या अजून काही मोजेल," बापू म्हणाले.

वकील लगेच, वरचं कोर्ट. अलाबामातल्या टस्कीगी गावाची हद्द अशी वेडीवाकडी कापली की जवळपास सगळे काळे मतदार गावाबाहेर गेले, तेव्हा जॉन्सननेच हद्द ठरवणं विधिमंडळाचं काम म्हणून केस फेटाळली होती आणि १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला उलटवलं. ब्राइसचा निकाल मात्र अपिलात १९७४ ला मुळात टिकला.

हे ऐकून बापू जरा थांबले. मग म्हणाले ठीक आहे, पण पैसे कोण देणार? जॉन्सनने त्याचंही उत्तर दिलं होतं, पैसा नाही ही सबब चालणार नाही. ब्राइसची ती केस २००३ पर्यंत चालली, जॉन्सन १९९९ ला वारला, त्याच्यानंतरही. बापू म्हणतात एवढी वर्षं कोर्टाला राखण करावी लागली म्हणजे पद्धतच चुकली. मी म्हणालो बापू, कोर्ट डोक्यावर बसलेलं असताना एवढी वर्षं लागली, नसतं तर किती लागली असती?

त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पटलेलंही नाही त्यांना.