स्विंडनचं घर आणि डिचोलीचा एक-चौदा

कर्ज न काढणारा माणूस सज्जन, अशी आमच्याकडे समजूत. इंग्लंडात हाच माणूस संशयित. 2020 अखेरपर्यंत नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर, किंवा नोकरीच्या व्हिसावर स्विंडनला पोचलेल्या मुलाला हे पहिल्याच महिन्यात कळतं, आणि पुढची काही वर्षं त्याचे आईवडील ते मला येऊन सांगत राहतात. पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर जन्म काढलेल्या माणसाला जगातली सगळी कर्जं कळतात, असा डिचोलीत समज आहे. तो मोडवत नाही, म्हणून मी वाचत गेलो.

"भाऊ, पण त्याचा सिबिल 820 आहे!" हे पहिलं वाक्य ठरलेलं. सिबिलची पट्टी 300 ते 900, तेव्हा 820 म्हणजे पोरगा गुणी, यात वाद नाही. पण तो गुण सहसा मोपाच्या विमानतळापुढे जात नाही. तिकडे एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन अशा तीन संस्था पत मोजतात. त्यातली ट्रान्सयुनियन ही आपल्या सिबिलचीच मालकीण. मालकीण एक, वह्या दोन, आणि एका वहीतलं दुसऱ्या वहीत आपोआप उतरत नाही. गावचा पसरकार, म्हणजे दुकानदार, उधार देतो, कारण त्याने तुमच्या आज्याला पाहिलेलं असतं. या तिघांनी कोणाच्याच आज्याला पाहिलेलं नाही. वही कोरी दिसली की गिऱ्हाईक चोख आहे असं ते म्हणत नाहीत, गिऱ्हाईकच नाही असं धरतात.

वहीत पहिली ओळ पडते ती मतदारयादीने. भारतीय पासपोर्टवाला तिथे कायदेशीर राहत असला तर राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून थेट पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा मत देऊ शकतो. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला दोन देशांतल्या करारामुळे स्थानिक निवडणुकीचं मत मिळतं. म्हणजे पेडण्याचा मुलगा इंग्लंडचं सरकार निवडायला चालतो, पण फोन हप्त्यावर मागितला तर चालत नाही. यादीत नाव आलं की निदान त्या पत्त्यावर तो खरोखर राहतो, एवढं तरी सिद्ध होतं. मग प्रीपेड सिम सोडून महिन्याच्या कराराचं सिम घ्यायचं. प्रीपेडची नोंद पत मोजणाऱ्यांच्या वहीत होत नाही, कितीही वर्षं रिचार्ज मारा.

त्यानंतर पत बांधायचं क्रेडिट कार्ड. मर्यादा 250 पौंडांच्या आसपास, व्याज 30 टक्क्यांच्या वर. व्याजाला घाबरायचं कारण नाही, कारण ते द्यायचंच नसतं. कार्डावर आठवड्याची भाजी आणायची, वापर 60-70 पौंडांवर जाऊ द्यायचा नाही, आणि बिल डायरेक्ट डेबिटने पूर्ण फेडायचं. इथे एक चोरखड्डा आहे. फॉर्मवर 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' असे दोन पर्याय शेजारी असतात. घाईत किमानवर खूण पडली की भाजीवर 30 टक्के व्याज चालू. आणि हप्ताच चुकला तर ती नोंद सहा वर्षं राहते. आपल्याकडे कर्ज बुडवलेले लोक त्याहून कमी वर्षांत निवडून येतात.

एका कार्डाने नाही म्हटलं म्हणून त्याच रात्री आणखी चार ठिकाणी अर्ज करू नये. प्रत्येक पक्क्या अर्जाची चौकशी वहीत वर्षभर दिसते, आणि पाचव्या बँकेला चार बँकांनी केलेली चौकशी दिसते. पात्रता पाहणारी कच्ची चौकशी इतर बँकांना दिसत नाही, ती खुशाल करावी. आधीच्या भाडेकरूची उधारी पत्त्यावरून आपल्याला चिकटते, ही भीती खोटी. रूममेटबरोबर जॉइंट खातं उघडलं तर मात्र त्याची पत तुमच्या पत-नोंदीला खरोखर चिकटते. भाडं एकत्र भरा, जेवण एकत्र करा, खातं वेगळं ठेवा.

नावाचं प्रकरण खास गोव्याचं. लिस्बनच्या नोंदीत आडनाव कामोती, आधारवर कामत, आणि डिचोलीच्या बँकेत वडिलांचं नाव मध्ये घुसवून लिहिलेलं. बँक एका नावाने, सिम दुसऱ्या नावाने घेतलं की एकाच माणसाच्या दोन अर्ध्या वह्या तयार होतात आणि दोन्ही कच्च्या दिसतात. मागच्या तीन वर्षांचे पत्ते विचारतात तेव्हाही तेच. 'सातेरीच्या देवळामागे, बोर्डे' हे कोणत्याही खिडकीत बसत नाही. ते ज्या शब्दांत इथल्या बँकेच्या स्टेटमेंटवर छापलंय, त्याच शब्दांत प्रत्येक वेळी लिहायचं. सुधारून लिहिणारा हुशार अडकतो.

आता घर. समजा 2,80,000 पौंडांचं. नवऱ्याचा पगार 32,000, बायकोचा 26,000, मिळून 58,000. बँका साधारण साडेचार पटीपर्यंत जातात, म्हणजे 2,61,000. दहा टक्के, 28,000 पदरचे घातले तर कर्ज 2,52,000. बसलं. पाच टक्के व्याज आणि 30 वर्षं धरली तर महिन्याला सुमारे 1,353 पौंड. व्हिसावरच्या माणसाकडे काही बँका दहाऐवजी पंचवीस टक्के मागतात, तेव्हा थेट बँकेत जाण्याआधी व्हिसाची प्रकरणं करणारा ब्रोकर गाठावा.

तीन महिन्यांची स्टेटमेंटं अंडररायटर, म्हणजे बँकेचा कर्ज तपासणारा माणूस, ओळीओळीने वाचतो. दर महिन्याला आईला जाणारे 300 पौंड म्हणजे त्याच्या लेखी कायमची देणेदारी. आयपीएलच्या मोसमात बेटिंगच्या ॲपला गेलेले पाच-पाच पौंड त्याला ठळक दिसतात. आणि पैसे पाठवताना दोस्त मंडळी शेरा म्हणून जे लिहितात, तेही. 'माटोळी 40' असा शेरा दिसला की पत्र येतं, हा खर्च कशाचा आणि दर महिन्याला आहे का? गणपतीच्या वर टांगायच्या फळांची वर्गणी, वर्षातून एकदाच, असं सही करून कळवावं लागतं. अर्जाआधी तीन महिने मित्रांना शेऱ्यात फक्त 'भाडं' लिहायला सांगावं.

ते 28,000 बहुतेक वेळा इथून जातात, आणि इथून पुढचं प्रकरण माझ्या टेबलावर येतं. तिकडची बँक आईवडिलांकडून पत्र मागते. हे पैसे भेट आहेत, कर्ज नाही, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही. एक वडील पत्र वाचून म्हणाले, "भाऊ, परत नको असं लिहून दिलं तर तो खरंच देणार नाही." सही दोघांची लागते, हे मी आधीच सांगतो. गोव्याच्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने, वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक. वडिलांनी एकट्याने दिलेली भेट म्हणजे अर्धी आईची, न विचारता दिलेली.

पौंड 120 रुपये धरला तर हे 33,60,000 रुपये. परदेशी पैसे पाठवायला माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा असते, ती फार लांब राहते. टोचतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो कर. 1 एप्रिल 2025 पासून आर्थिक वर्षात दहा लाखांवर जी रक्कम जाते तिच्यावर, भेट असेल तर, 20 टक्के. एकट्या वडिलांनी एकदम पाठवले तर 4,72,000 रुपये बँक आधी कापून घेणार. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर अडकतात. त्यापेक्षा आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून थोडे मार्चअखेर, थोडे एप्रिलात पाठवले, तर चाळीस लाखांपर्यंत काही कापलं जात नाही. फक्त कोणी किती कधी पाठवले याच्या पावत्या तिकडच्या सॉलिसिटरला, म्हणजे घरखरेदीच्या वकिलाला, ओळीने लावून द्याव्या लागतात.

पैसे जमीन विकून आले असतील तर देव तारो. खरेदीखतावर सगळे वारस, आणि प्रत्येक वारसाचा नवरा किंवा बायको. स्विंडनचा सॉलिसिटर विचारतो, सह्या 22 आणि पैसे घेणारे 11, हे बाकीचे कोण? हे आमचे जावई आणि सुना, असं नोटरीकडून लिहून न्यायचं. टोरोंटोची आत्या मुखत्यारपत्र पाठवते, ते इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करायचं राहून जातं, आणि तिकडे कर्जाच्या ऑफरची मुदत सरत असते.

पण खरा दणका स्टॅम्प ड्यूटीचा. पहिलं घर घेणाऱ्याला तीन लाख पौंडांपर्यंत ती शून्य. म्हणून 2,80,000 चं घर बघून पोरं खूश असतात. पहिलं म्हणजे इंग्लंडातलं पहिलं नव्हे, जगातलं. वारसाने आलेला घराचा हिस्सासुद्धा मोजतात. आजोबांच्या घराच्या एक-चौदावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, भोगवटादारांच्या रांगेत सातव्या नंबरला नाव असलं, तर सवलत गेली आणि 4,000 पौंड ड्यूटी लागली. शिवाय तो हिस्सा 40,000 पौंडांवर, म्हणजे 48 लाखांवर भरला, तर घर 'दुसरं' ठरून आणखी पाच टक्के, 14,000 पौंड. एकूण 18,000. हिस्सा निम्म्याहून जास्त नसला तर वारसा मिळाल्यापासून तीन वर्षं जादा पाच टक्के टळतात, पण पहिल्या घराची सवलत काही परत येत नाही. ज्या घराच्या कौलांतून पाणी गळतं, ज्यावर सहा चुलते भांडतायत, तेच घर तुम्हाला तिकडे इस्टेटवाला ठरवतं. गोव्यातल्या जमिनीच्या भावांनी कोणाचं भलं केलं असेल ते असो, सातव्या नंबरच्या वारसाचं केलेलं नाही. म्हणून घर बघायला जाण्याआधी एक-चौदा काढून सॉलिसिटरसमोर ठेवा. पन्नास खोल्यांचे फोटो बघून झाल्यावर नव्हे.

बाकीचं सोपं. सर्व्हेवाला भिंतीला यंत्र लावून 'ओल' लिहितो, त्याने आपल्या मुलांनी घाबरू नये, फक्त किंमत कमी करून मागावी. करार एक्सचेंज होईपर्यंत दोन्ही बाजूंना काही बंधन नसतं, तोवर घर मिळालं म्हणून गावात पेढे वाटू नयेत. पैसे भरले की दुपारपर्यंत किल्ली. नंतर नव्या कर्जामुळे पत दाखवणारा आकडा थोडा उतरतो आणि पोरगा घाबरून वडिलांना फोन करतो, वडील मला. तो काही महिन्यांत सावरतो. मतदारयादीत नवा पत्ता मात्र स्वतः घालावा लागतो.