नव्याचा सण म्हणजे ‘ज्यूंचा थर्टी फर्स्ट’ नव्हे

सप्टेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरायला लागतो. त्याचा मजकूर असा: ‘रोश हशाना हा ज्यूंचा थर्टी फर्स्ट. मध-सफरचंद खाऊन पार्टी करतात. त्यांचं कॅलेंडर हिजरीसारखंच, त्यामुळे तारीख दरवर्षी मागे सरकते. त्यांच्याच धर्मग्रंथात हा सातवा महिना आहे, म्हणजे नवं वर्ष नंतर घुसडलेलं. महाराष्ट्रात तर हा सण इस्राएल देश झाल्यावर आयात झाला.’

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. गेल्या वर्षी हा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. तो पाठवणारे काका दर सणाला आमच्याकडचा हलवा आवडीने खातात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नीट लिहून उत्तर द्यावंसं वाटलं. सुरुवात शेवटच्या दाव्यापासून करते, कारण मला सगळ्यात जास्त तोच लागला.

इस्राएल देश १९४८ साली झाला. मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून आमचे पूर्वज कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिलं. हिब्रू प्रार्थना ते विसरले होते, ‘शेमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली होती. पण सण विसरले नव्हते, आणि त्या सणांची नावं अस्सल मराठी होती. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी ‘नव्याचा सण’, म्हणजेच रोश हशाना. मग नव्या धान्याच्या खिरीचा ‘खिरीचा सण’. दहाव्या दिवशी, ज्याला जग योम किप्पूर म्हणतं, तो ‘दरफाळणीचा सण’: दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, कडक उपास करायचा. एकोणिसाव्या शतकात हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही नावं आलेली आहेत. परदेशातून आणलेल्या सणाला कुणी ‘दरफाळणी’ म्हणत नाही.

यावर कुणी उलट म्हणेल, मग हा कोकणातला नवान्नाचाच सण असेल, तुम्ही त्याला ज्यू नाव दिलंत. ‘नव्याचा’ या शब्दात नव्या भाताचा वास आहे, हे मलाही जाणवतं. कोकणात आश्विनी पौर्णिमेला नव्याची पुनव म्हणतातच. पण आमचा सण पौर्णिमेला येत नाही. तो तिश्रीच्या प्रतिपदेला येतो, आणि त्याच्या दहाव्या दिवशी उपास येतो. ही जोडी तोरातली, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथातली आहे. भात पिकायची वेळ आणि तिश्री महिना कोकणात एकमेकांना भेटले, एवढंच.

संदेशातलं मध-सफरचंद मात्र खरंच बाहेरून आलेलं आहे. सफरचंद-मध ही रीत मूळची युरोपातल्या ज्यूंची. आमच्याकडे नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळून चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून घोटत राहायचं. हात भरून येतात, पण थांबलं की गुठळ्या होतात. मग ताटात थापून वर बदाम-पिस्ते. गाईम्हशीचं दूध का नाही? सणाच्या जेवणात मटण असतं, आणि मांसाबरोबर दुधाचं काही खायचं नाही असा आमचा नियम आहे. तोराचा नियम कोकणच्या नारळाने पाळला गेला. १९४८ नंतर आमच्यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, तेव्हा हा हलवाही त्यांच्याबरोबर गेला. प्रवास झाला तो इथून तिकडे.

आता ‘पार्टी’. गोड खातो, नवे कपडे घालतो, ‘शाना तोवा’ म्हणतो, हे सगळं खरं. पण ज्या दिवशी माणसाच्या वर्षभराच्या वागण्याचा न्याय होतो असं आम्ही मानतो, त्या दिवसाला थर्टी फर्स्ट कसं म्हणणार? आधीचा एलुल महिनाभर पहाटे क्षमायाचनेच्या प्रार्थना चालतात, त्यांना सेलिहोत म्हणतात. सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात. एक लांब सरळ सूर, मग तीन तुटके, हुंदक्यासारखे, मग नऊ बारीक. लहानपणी तो आवाज ऐकून मी आजीचा पदर घट्ट धरायची. तिथून दरफाळणीपर्यंतचे दहा दिवस हिशेब चुकते करायचे. मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथामध्ये स्पष्ट सांगितलं आहे की योम किप्पूरने देवाशी केलेले अपराध धुतले जातात, माणसाशी केलेले नाहीत. ते त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय सुटत नाहीत. आजी या दिवसांत आठवून आठवून लोकांना भेटायला जायची. एकदा तिच्याबरोबर मीही गेले होते. ज्या बाईंशी ती दोन वर्षं बोलत नव्हती, त्यांच्या ओट्यावर दोघी बराच वेळ नुसत्या बसल्या होत्या.

कॅलेंडरचा मुद्दा मराठी माणसाला समजायला सगळ्यात सोपा. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, ते ऋतूंच्या मागे दरवर्षी साधारण अकरा दिवस सरकतं. ज्यूंचं पंचांग आपल्यासारखं चांद्र-सौर आहे. पेसाहचा सण वसंतातच आला पाहिजे, अशी तोराची अट आहे. त्यासाठी १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना घालतात, आणि तो नेहमी अदारच असतो. त्यामुळे नव्याचा सण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच फिरतो. २०२४ साली तो ३ ऑक्टोबरला आला, घटस्थापनेच्याच दिवशी. २०२३ साली मात्र १६ सप्टेंबरला, गणपतीच्या तीन दिवस आधी. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण पडला होता आणि ज्यूंचा अधिक अदार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचा होता. दोन्ही पंचांगं एकच गणित सोडवतात, फक्त हातचा वेगवेगळ्या वेळी धरतात.

राहिला ‘सातवा महिना’. निसान हा पहिला महिना असं तोरा सांगते, हे बरोबर. तिश्रीच्या पहिल्या दिवसाला ती शिंग फुंकण्याचा दिवस म्हणते, नवं वर्ष म्हणत नाही, हेही बरोबर. पण यात लपवाछपवी काही नाही. मिश्नामध्ये उघड चार नवी वर्षं दिली आहेत: राजांच्या कारकिर्दी आणि सण निसानपासून मोजायचे, जनावरांचा दशमांश एलुलपासून, वर्षांची गणती तिश्रीपासून, आणि झाडांचं वर्ष शेवातपासून. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला, शाळा जूनला आणि गुढी चैत्रात असते. त्यातलं कुठलं घुसडलेलं म्हणायचं?

काकांना एवढं सगळं पाठवलं. त्यांनी वाचलं, आणि एकच विचारलं: पुढच्या वर्षी हलवा कधी? २०२६ मध्ये पहिली तिश्री शनिवारी, १२ सप्टेंबरला, आणि सण शुक्रवारी संध्याकाळीच लागतो, म्हणजे हलवा शुक्रवारी दुपारपर्यंत घोटून ठेवायला हवा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, शोफार फुंकत नाहीत, म्हणून शिंग ऐकायला रविवारी या, असं त्यांना कळवलं आहे. सोमवारी त्यांच्याकडे गणपती.