रक्त स्वच्छ झाले म्हणजे उपचार संपले असे नव्हे

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेल्या बहुतेक मुलांच्या अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मऊ भागात) पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या उपचारांनंतर कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात आणि त्यानंतर कुटुंबाने निर्धास्त व्हावे, असे या आजारावरच्या तुमच्या लेखात म्हटले आहे. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र पालकांची दिशाभूल करणारा आहे, कारण सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या पेशी तेव्हाही शरीरात उरलेल्या असतात आणि मूल हसू-खेळू लागले म्हणून उपचार सोडले, तर आजार उलटण्याची दाट शक्यता असते. एकूण उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतला सर्वांत लांब टप्पा घरीच पार पाडायचा असतो.

माझ्या मुलीला त्या टप्प्यात रोज रात्री मर्कॅप्टोप्युरीन या कर्करोगविरोधी औषधाची गोळी असे आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून फक्त एकदा. हे दुसरे औषध चुकून रोज दिले गेले तर जिवावर बेतू शकते, म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर रविवारी गोळ्या दिल्याबरोबर मी लाल पेनाने खूण करत असे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, पांढऱ्या पेशी कमी असताना तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्यामुळे मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचे, हेही लेखात यायला हवे होते. गावाकडून मुंबईत येणाऱ्या पालकांसाठी सेंट ज्यूडसारख्या संस्था उपचारकाळात मोफत निवासाची सोय करतात, तिचा उल्लेख कृपया जोडावा.