तीस टक्के जाहिरातीवर घालायचे, तर चकल्या तळायच्या कशाला?

परवा दुपारी डोंबिवलीहून मावशीचा फोन. "अरे, पन्नास हजारांची एफडी मोडू का? दिवाळीच्या फराळाच्या जाहिरातीला." मागोमाग तो फॉरवर्ड आला, 'छोट्या धंद्याची पाच गुपितं'. तुमच्याही ग्रुपवर फिरतोय. त्यात लिहिलंय: विक्रीच्या 30 टक्के रक्कम जाहिरातीवर घाला, मोठ्या कंपन्या हेच करतात, रोज पोस्ट बूस्ट करा (म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवा), दहा हजार फॉलोअर्स विकत घ्या, पत्रकं मेली, आणि वर्षाचा आराखडा आधीच करा.

तीस टक्क्यांपासूनच सुरुवात करतो, कारण घर बुडवणारं गुपित तेच आहे. गार्टनर ही संशोधन संस्था दरवर्षी मोठ्या कंपन्यांच्या मार्केटिंगप्रमुखांना त्यांचं बजेट विचारते. सरासरी आली 2023 मध्ये उत्पन्नाच्या 9.1 टक्के, 2024 मध्ये 7.7 आणि 2025 मध्येही 7.7. यात नुसत्या जाहिराती नाहीत. त्या विभागातल्या माणसांचे पगार, सॉफ्टवेअर, एजन्सीचे पैसे, सगळं आलं. कोट्यवधींची उलाढाल करणारे आठ टक्क्यांच्या आत भागवतात आणि मावशीने तीस घालायचे!

आता तिची वही उघडू. चकली 480 रुपये किलो. भाजणी, तेल, गॅस, हाताखालच्या दोन बायकांची मजुरी, पिशव्या, सगळं वजा जाता किलोमागे 144 उरतात. म्हणजे बरोबर तीस टक्के. ते जाहिरातीला दिले की पहाटे चारला उठून भाजणी मळणाऱ्या बाईच्या हातात शून्य. विक्री किती झाली यावर टक्के काढणाऱ्याने आधी उरतात किती हे विचारायला नको?

बूस्टचं म्हणाल, तर मावशीने मला विचारायच्या आधीच चार हजारांचं करून टाकलं होतं. वर 18 टक्के जीएसटी, 720. तिची नोंदणी नाही, त्यामुळे तो परत मिळायचाही प्रश्न नाही. ठिकाण निवडताना 'महाराष्ट्र' ठेवलेलं, म्हणून लातूर, सांगली, नंदुरबारहून 'प्राइस प्लीज'चा पाऊस. प्रत्यक्ष गिऱ्हाइकं दोन. एकेक 2,360 रुपयांना पडलं. हे नुसते भरून निघायला प्रत्येकाने साडेसोळा किलो चकल्या घ्यायला हव्यात. लग्नघर असेल तर घेईलही म्हणा. बूस्ट वाईट नाही. पण डोंबिवली-कल्याणपुरतं, आठवडाभर, पाचशे रुपयांचं करून बघ, मग पुढचं.

फॉलोअर्स विकत घेण्यावर शाई वाया घालवत नाही. ते लोक चकली खात नाहीत, बहुतेक ते लोकच नाहीत.

पत्रकं मेली म्हणे. त्या दोनपैकी एक गिऱ्हाईक 'खालच्या वाण्याकडे तुमचा कागद चिकटवलाय' म्हणत आलं, हे मावशीनेच सांगितलं. बूस्टच्या खात्यात मी ते उगाच धरलं, खरं तर.

पाचवं मात्र मान्य करावं लागतं, जिवावर येतंय तरी. आराखडा आधी हवाच. दिवाळीची जाहिरात दिवाळीच्या तोंडावर केली की सगळ्यांचीच गर्दी असते आणि तेव्हा जाहिरातही महाग पडते. शिवाय मावशीच्या कढईतून दिवसाला बारा किलोच निघते. तिला दोनशे नवी गिऱ्हाइकं मिळाली तर ती तळणार कधी?

म्हणून आम्ही बसून एवढंच ठरवलं. एफडी राहू दे. फराळाच्या अख्ख्या हंगामाला तीन हजार, त्यातून वाण्याकडचे कागद, बूस्टची ती पाचशेची चाचणी आणि बाकी चवीला द्यायच्या पुड्या. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, फुकट आहे, 256 जण मावतात. फक्त ज्यांनी तिचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून प्रत्येक पुडीवर 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी. आणि वहीत नवा रकाना, 'कुठून कळलं?' मावशीने तो लाल शाईने आखला. पहिलीच नोंद: 'जोशीकाकूंनी सांगितलं, 2 किलो, आगाऊ पैसे.'