तिसरं की चौथं?

न्यू जर्सीतल्या एडिसनला ओक ट्री रोडवर चहाचे कप घेऊन गाडीच्या बॉनेटला टेकून उभं राहायचं, हाच आमचा कट्टा, मग नोव्हेंबरची थंडी का असेना. एमव्हीपी, म्हणजे बेसबॉलमधलं सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पश्या जाड जॅकेटवरून ९९ नंबरची न्यूयॉर्क यांकीजची जर्सी चढवून आला, हातात पेढ्यांचा बॉक्स, जणू काही ते जिंकणारा आरोन जज त्याचा सख्खा भाचा.

"तिसरं!"

"कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, असून साठ होमरन मारले रे सिएटलच्या रॉलीनं," निल्या पेढा उचलत म्हणाला. "रोज तीन तास उकिडवं बसून दाखव, मग बोल. तीसपैकी तेरा मतं उगाच नाही पडली त्याला."

"सतरा आम्हाला पडली ना? आणि खरं तर हे चौथं. २०१७ चं पण आमचंच."

झालं. निल्यानं आणखी एक पेढा घेतला, कारण आता अर्धा तास ह्यूस्टनच्या टीमची २०१७ ची खुणांची चोरी. समोरच्या कॅचरच्या खुणा टिपणारा सेंटर फील्डचा कॅमेरा, डगआउटमागचा टीव्ही, बॅटीनं बडवलेला कचऱ्याचा डबा, वाजला तर चेंडू हळू येणार, नाही वाजला तर फास्टबॉल, हे पश्या दर वेळी नव्यानं सांगतो आणि डब्याचा आवाज तोंडानं काढतो. त्यात ह्यूस्टनच्याच अल्टुव्हेला एमव्हीपी, आमच्या पोराचे पहिल्याच पूर्ण सीझनला ५२ होमरन असूनही दुसरा नंबर!

"त्या डब्याचे आवाज मोजले ना एका फॅननं, अल्टुव्हेच्या वाट्याला अगदीच कमी निघाले," मी म्हटलं.

"ते वेगळं! ह्यूस्टनची वर्ल्ड सिरीजची ट्रॉफी काढून घ्यायलाच पाहिजे होती."

"घ्यायलाच पाहिजे होती," मीनल म्हणाली. ती न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमची, मेट्सवाली, १९८६ च्या विजेतेपदानंतर घरात दिवाळी नाही, त्यामुळे जिभेला धार. "पण देणार कुणाला? फायनल हरले डॉजर्स. तुम्ही तर सेमीफायनललाच घरी. आणि डगआउटच्या फोनवरून खुणा पोचवल्या म्हणून एक लाख डॉलर दंड कुणी भरला?"

"ते वेगळं गं!"

"हो ना, फोन होता, डबा नव्हता."

पश्यानं बेल्ट्रान काढला, ह्यूस्टनच्या त्या डबेवाल्या टीमचा खेळाडू. पुढे मेट्सचा मॅनेजर झाला आणि या प्रकरणामुळे एकही मॅच न खेळवता गेला तो. मीनल शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे येण्याआधी सल्लागार कुणाकडे होता रे?"

मग ती खरी तापली. "चौकशीत खेळाडूंना आधीच अभय देऊन बोलतं केलं. मॅनेजर आणि जनरल मॅनेजरची नोकरी गेली, क्लबला पन्नास लाख डॉलर दंड, आणि डबा बडवणारे नि तो ऐकून मारणारे दोघंही मोकळे. वर बेसबॉलचा कमिशनर मॅनफ्रेड म्हणतो, ट्रॉफी काय, धातूचा तुकडा. नंतर माफी मागितली, पण चषकावर नाव कमिशनरचं आणि तोच त्याला भंगार म्हणणार! काढून घ्यायचा आणि कुणालाच द्यायचा नाही. २०१७ पुढे नुसती रेघ."

मला तर हे शंभर टक्के पटलं. तीस टीमचे तीस झेंडे आहेत त्याच्यावर, फसवले गेले एकोणतीस.

"मागायचा तरी कसा?" निल्या म्हणाला. "टिफनी ज्वेलर्सवाले दर वर्षी नवा घडवतात, जिंकला त्याचा कायमचा. हॉकीतल्या स्टॅनली कपसारखा फिरता चषक असता तर पुढच्या वर्षी आपोआप..."

फिरता चषक म्हटल्याबरोबर सगळ्यांचे डोळे पश्याकडे. मंडळाच्या टेनिसबॉल क्रिकेटचा फिरता चषक कोविडच्या आधी याच्या टीमनं जिंकला, तेव्हापासून तो याच्या गॅरेजच्या बाहेर फिरकलेला नाही. आणि ती फायनल! शेवटच्या ओव्हरला निल्या रनआउट, अंपायर कोण, तर पश्याचा मेव्हणा.

"देणार होतो रे, पण हिनं त्यात मनीप्लांट लावलाय. आता मुळं धरलीयेत."

"बघ," मीनल म्हणाली, "मॅनफ्रेडपेक्षा वहिनींनी चषकाचं भलं केलं."

निल्याला हसता हसता ठसका लागला, पेढा सगळा जर्सीवर, बरोबर त्या दोन नवांच्या मधे, आणि पश्या ओरडतोय, "अरे ओरिजिनल आहे ती, ओरिजिनल!"